फोनला आपले शब्द शिकवा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करणे हा काही माझा प्रांत नव्हे. मी सातवी शिकलेली बाई. स्वयंपाकपाणी, कांड्या भरणे आणि आल्यागेल्याचे पाहणे यात माझा दिवस जातो. परंतु चिटणीसबाईंनी आग्रहच धरला की, तुम्ही फोनवर मराठी इतके भराभर कसे लिहिता ते एकदा सर्वांना सांगा. थोरामोठ्यांची आज्ञा मोडू नये, म्हणून उभी राहिले आहे. जे रोज करते तेवढेच सांगणार आहे. काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या येवल्यात घरोघरी माग आहेत. पूर्वी पैठणीचे गिऱ्हाईक दारात येई, ओट्यावर बसे, चहा घेई, चार घड्या उलगडून पाही आणि तोंडी व्यवहार होई. आता पुष्कळसे गिऱ्हाईक फोनवर येते. कोणी पुण्याहून विचारते, कोणी नागपूरहून, कोणी सातासमुद्रापलीकडून. विचारणा लेखी असते, तेव्हा उत्तरही लेखी द्यावे लागते. मागावर बसलेला माणूस एकसारखा उठू शकत नाही, त्याची लय तुटते. म्हणून उत्तरे लिहिण्याचे काम आपल्याकडे आले. ते कोणी वाटून दिले नाही, आपसूकच आले. आणि ते आपण करतो केव्हा? भांडी आवरून, ओटा पुसून, सगळे निजल्यावर.

प्रश्न तरी कोणते असतात? तेच ते. पैठणी हातमागाची आहे का? रेशीम खरे आहे का? एकधोटी आहे की कडियल? किती दिवसांत मिळेल? घरी धुतली तर चालेल का? नऊवारीत मिळेल का? मी एकदा स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहून मोजले. एक सविस्तर उत्तर अंगठ्याने टाईप करायला मला चार मिनिटे लागत. दिवसाला दहा उत्तरे धरली तर चाळीस मिनिटे झाली. महिन्याचे वीस तास! वीस तास म्हणजे जवळजवळ तीन रात्रींची झोप. तीच वाक्ये पुन्हा पुन्हा लिहिण्यात ती जात होती.

आता यावरचा उपाय काही अगदी नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची जुनी पत्रे कोणाच्या पेटीत असतील तर काढून पाहा. वर लिहिलेले असते, 'ती. रू. बाबांस सा. न. वि. वि.' म्हणजे 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. धाकट्याला 'चि.' आणि 'अ. उ. आ.', म्हणजे चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद. रोजची तीच वाक्ये पुरी लिहिण्यात शाई आणि वेळ का दवडायचा, हा त्यातला हिशेब. मोडी लिपीसुद्धा हात फारसा न उचलता भराभर लिहिता यावे अशीच होती. फरक एवढाच की, त्या काळी ती आद्याक्षरे वाचणाऱ्याला मनात उलगडावी लागत. आता आपण आद्याक्षरे लिहायची आणि फोनने ती उलगडून पुरे वाक्य लिहायचे.

हे कसे करावयाचे ते सांगते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर जीबोर्ड नावाचा कीबोर्ड असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये शिरले की 'शब्दकोश' सापडतो, त्यात 'वैयक्तिक शब्दकोश'. तिथे अधिकाचे चिन्ह दाबले की दोन घरे येतात. एकात पुरा शब्द किंवा वाक्य लिहावे, दुसऱ्यात त्याची खूण. मग कुठेही ती खूण लिहिली की वरच्या पट्टीत पुरे वाक्य दिसते, त्यावर बोट ठेवले की काम झाले. आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड आणि मग 'टेक्स्ट रिप्लेसमेंट' अशी वाट आहे. लांबलचक उत्तरांसाठी व्हॉट्सॲपचे जे व्यापाराचे वेगळे ॲप २०१८ साली निघाले, त्यात 'क्विक रिप्लाय' म्हणून सोय आहे. तिथे पन्नास उत्तरे साठवता येतात. तिरकी रेघ मारून खूण लिहिली की अख्खे उत्तर हजर होते.

मी पैठणीच्या निगेचे उत्तर असे साठवले आहे: 'साडी घरी धुऊ नये, ड्रायक्लीनला द्यावी. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नव्या ठिकाणी घडी घालावी, म्हणजे जर घडीवर तुटत नाही. अत्तर थेट जरीवर मारू नये.' याची माझी खूण आहे 'निनि'. पूर्वीची चार मिनिटे आता चार सेकंदांवर आली.

खूण निवडताना एक पथ्य पाळावे. जो मराठीत शब्दच होतो तो खूण म्हणून घेऊ नये. पत्त्यासाठी 'पत' घेतले तर बाजारातली पत लिहायला जाल तेव्हा घराचा पत्ता पुढे येईल. त्यापेक्षा 'पपत' बरे. आणि प्रथम दहाच खुणा कराव्या. पन्नास केल्या तर त्या आठवण्यातच वेळ जाईल.

आमच्या घरातले मला विचारतात, हे सगळे तुला एवढ्या लवकर कसे उमगले? मी म्हणते, जकार्ड पाहिलेल्या बाईला यात अवघड ते काय? जकार्डच्या पुठ्ठ्यांवर नक्षीची भोके एकदा पाडली की प्रत्येक वेळी कोणते दोरे उचलायचे ते विणकराला मोजत बसावे लागत नाही. पुठ्ठा सांगतो, दोरे उचलले जातात. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज नावाच्या गणितीने आपल्या मोठ्या हिशेबयंत्राच्या आराखड्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची हीच कल्पना घेतली. त्यानंतर विसाव्या शतकात कितीतरी वर्षे संगणकाला कामे सांगायची ती भोके पाडलेल्या कार्डांवरच. तेव्हा भगिनींनो, आपल्या हातातल्या फोनचे घराणे पाहू गेले तर ते मागाशी येऊन मिळते. आपण त्याला बिचकण्याचे कारण नाही.

पण जकार्डची दुसरी बाजूही आपण जाणतो. पुठ्ठ्यात एक भोक चुकले तर ती चूक दर फेऱ्याला, साऱ्या साडीभर उमटत जाते. यंत्र थांबत नाही, त्याला लाज वाटत नाही. तसेच साठवलेल्या वाक्याचे आहे. त्यात एक शब्द खोटा असेल तर तो शंभर गिऱ्हाइकांकडे जाईल. म्हणून साठवण्यापूर्वी दोघींनी वाचावे, एकीने मोठ्याने आणि दुसरीने कान देऊन. आणि भाव कधीही साठवू नये. रेशीम आणि जर यांचे दर चढतात, उतरतात. जुना भाव एकदा लेखी गेला की शब्द पाळावा लागतो.

इथवर मी सांगितले ते आपण फोनला शिकवतो त्याविषयी. आता दुसरा प्रकार आहे तो आपल्याला न विचारता फोन करतो त्याचा. आपण लिहितो एक, तो 'दुरुस्त' करतो दुसरे. याला आपोआप दुरुस्ती म्हणू. हिची कुळकथा मौजेची आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी मायक्रोसॉफ्ट कंपनीत डीन हाचामोविच म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये एक शब्दसंग्रह होता. खूण लिहून एक विशिष्ट कळ दाबली की साठवलेला मजकूर येई. इंग्रजीत 'द' हा शब्द घाईत नेहमी उलटसुलट टाईप होतो. त्यांनी ते चुकलेले रूपच खूण म्हणून दिले आणि बरोबर शब्द त्यापुढे ठेवला. मग त्यांच्या ध्यानात आले की, वेगळी कळ कशाला हवी? दोन शब्दांमध्ये जागा सोडायची कळ तर माणूस प्रत्येक शब्दानंतर दाबतोच. तीच वापरली की दुरुस्ती न सांगता होईल. म्हणजे आपोआप दुरुस्ती ही आपल्या 'सा. न. वि. वि.'चीच बहीण म्हणायची. फक्त ती विचारल्याशिवाय बोलते.

आणि विचारल्याशिवाय बोलणारीचे जे होते ते तिचेही होते. इंग्रजीत सहकार्याला कोऑपरेशन म्हणतात. जुन्या संगणकांच्या कोशात तो शब्द मध्ये आडवी रेघ देऊनच होता. रेघ न देता लिहिला की यंत्र म्हणे, तुम्हाला 'क्युपर्टिनो' म्हणायचे असेल. क्युपर्टिनो हे अमेरिकेतल्या एका गावाचे नाव. मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या सरकारी कागदांत सहकार्याच्या जागी त्या गावाचे नाव छापून गेले. तिथे शिकलेसवरलेले कारकून असतात, तरी हे झाले.

आपल्याकडे तर हे अधिकच होणार, कारण आपल्या कामाचे शब्द यंत्राच्या कोशात फारसे नाहीत. पदराची नक्षी भरताना रंगीत रेशमाच्या ज्या छोट्या तिल्ल्या वापरतात, त्यांना मी 'तिल्ली' लिहिले की माझा फोन 'दिल्ली' पुढे करी. मी नजर ठेवते म्हणून दिल्ली बाहेर पडली नाही. परंतु सगळीकडे नजर असतेच असे नाही.

आमच्या भागातील एका घरची हकीकत सांगते. नाव सांगत नाही. दूरच्या एका बाईंनी पैठणी विणायला सांगितली. निरोपात लिहिले होते, 'नारिंगी काठ'. रंगाचे नाव आहे, मागणी सरळ आहे, शंका यायचे कारण काय? त्याप्रमाणे रेशीम रंगवून आणले, माग भरला, कित्येक दिवस खपून साडी उतरवली. फोटो गेला तेव्हा त्या बाई म्हणाल्या, मी 'नारळी काठ' लिहिले होते. म्हणजे नारळी नक्षीचा. त्यांच्या फोनने नारळीचे नारिंगी केले होते आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे कोणाच्याच डोळ्याला खटकले नाही. त्या बाई खोट्या नव्हत्या आणि विणणारेही खोटे नव्हते. पण साडी घरात राहिली आणि पुढे ती पडत्या भावाने द्यावी लागली. झालेला तोटा कोणी भरून द्यायचा, याला उत्तर नाही. फोनकडून तर काही वसूल होत नाही.

यंत्राचे वर्म इथेच आहे. लिहिलेला शब्द कोशात आहे की नाही हे ते चांगले पाहते. पण तो या ठिकाणी शोभतो की नाही हे त्याला पुरते कळत नाही. नवी यंत्रे मागचापुढचा शब्द पाहून अंदाज बांधतात, पण तो अंदाजच असतो. आपल्या मराठीत तर एका मात्रेने अर्थ पालटतो. 'सूत' म्हणजे धागा आणि 'सुत' म्हणजे मुलगा. विणकराच्या घरी दोन्ही हवेत, पण एकाच्या जागी दुसरा चालायचा नाही! 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. शुभदिनाचा शुभदीन करून किती निमंत्रणे फिरतात ते आपण पाहतोच. लग्नघरचा निरोप गेला की 'आचार्यांना दक्षिणा द्या', तर ती गुरुजींना जाईल. 'आचाऱ्यांना द्या' म्हटले तर स्वयंपाक्यांना. हा अर्धा 'ऱ' पुष्कळ जणींना फोनवर सापडत नाही, म्हणून 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' लिहितात. काही कीबोर्डवर 'र' दाबून धरला की नुक्त्याचा 'ऱ' येतो. तो सापडला नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या, गिऱ्हाईक, कोपऱ्यात असे लागणारे पंचवीस शब्द कोणा जाणतीकडून लिहून घेऊन आपल्या शब्दकोशात घालून ठेवावे. जन्माचे काम होते.

मग करायचे काय? आपोआप दुरुस्ती मी मराठीसाठी बंद करून ठेवली आहे. सेटिंग्जमध्ये मजकूर सुधारण्याच्या भागात ते बटण असते. वरच्या पट्टीतल्या सूचना मात्र चालू ठेवल्या आहेत. त्याने सुचवावे, मी निवडावे. ज्यांना बंद करायची नसेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, शब्द बदललेला दिसताच लगेच मागे खोडण्याची कळ दाबली तर बहुधा आपला मूळ शब्द परत येतो.

आणि आपले शब्द त्याला शिकवावे. तिल्ली, कांडी, धोटा, कडियल, आसावली, बांगडी मोर, मुनिया, नारळी हे सारे मी एका दुपारी कोशात घातले. तेव्हापासून फोन त्यांना हात लावत नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कारण शब्द मान्य होत नाही असे पाहिले की माणूस कंटाळून दुसरा सोपा शब्द लिहू लागतो. मुले तर आधीच 'बॉर्डर' आणि 'डिझाईन' म्हणतात. फोनने नाकारले म्हणून काठ आणि नक्षी हे शब्द आपल्या तोंडातून गेले, असे होऊ देऊ नये. यंत्राला ते ठाऊक नाहीत, कारण त्याला कोणी सांगितले नाहीत. सांगायला आपल्यावाचून दुसरे कोण आहे?

तिसरी गोष्ट मागणीच्या कबुलीची. त्या नारिंगी काठाच्या प्रकारानंतर मी एक मजकूर करून साठवला आहे आणि तो मी सर्वांना देण्यास तयार आहे. त्यात ओळीने असते: साडीचे माप, अंगाचा रंग, काठाचा रंग, काठाची नक्षी, पदराची नक्षी, मुदत, रक्कम आकडी, रक्कम अक्षरी. शेवटी, 'वरील मजकूर वाचून बरोबर असल्यास तसे लिहून कळवावे, त्यानंतरच माग भरला जाईल.' आकड्यात चूक झाली तर कोणताही कोश ती पकडत नाही. बारा हजार पाचशेचे पंधरा हजार दोनशे झाले तरी फोनच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. म्हणून बँकेच्या धनादेशासारखी रक्कम अक्षरीही लिहावी. हा मजकूर खुणेने एका क्षणात उमटतो, मग त्यातला वाचलेला वेळ मी तो नीट वाचण्यात घालते. ही बचत अशीच वापरावी असे मला वाटते.

आपल्या मंडळाच्या आणि बचत गटांच्या कामातही याचा उपयोग आहे. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले', 'अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली' ही वाक्ये दर महिन्याला तीच. ती खुशाल साठवा. पण 'ठराव एकमताने मंजूर' हे वाक्य कृपा करून साठवू नका. ते हाताने लिहा. कारण खुणेबरोबर ते आपसूक उमटू लागले तर एखादी भगिनी विरोधात बोललेली असली तरी कागदावर एकमतच दिसेल. तिचे बोलणे एका खुणेखाली पुसले जाईल. बायकांचे बोलणे पुसायला जगात आधीच पुष्कळ साधने आहेत, त्यांत आपण भर घालू नये.

तसेच कोणाच्या घरी दुःख झाले तर साठवलेला मजकूर पाठवू नये. 'भावपूर्ण' लिहिताच फोन 'श्रद्धांजली' पुढे धरतो, ते हातावेगळे करणे सोपे असते. पण ज्या घरचे माणूस गेले तिथे आपल्या चार मिनिटांचीच किंमत असते. माणसाचे नाव घेऊन, त्याचा एखादा गुण आठवून, हाताने लिहावे. शक्य झाले तर फोन ठेवून समक्ष जावे.

आणखी एक सावधगिरी. बँकेचे गुप्त अंक, आधारचा क्रमांक असले काही खुणांत ठेवू नये. घरात एकच फोन चार हातांतून फिरतो. खूण कळली की सगळे कळले.

आता शेवटचे. महिन्याचे वीस तास वाचतात असे मी म्हटले. ते वाचून कोणाच्या पदरात पडतात, याचाही विचार करावा. आपल्या घरांची रीत अशी की, बाईचा हात मोकळा दिसला की त्यात दुसरे काम येऊन पडते. मिक्सर आला, पाट्यावरचा वेळ वाचला, पण त्या वेळात आपण विसावलो का? म्हणून आधीच ठरवून ठेवा. मी घरात सांगून टाकले आहे की, रात्री दहा वाजता फोन फडताळात जाईल आणि राहिलेले गिऱ्हाईक सकाळी. दोन दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली. आता मी अकराच्या आत निजते आणि सकाळी वर्तमानपत्राचे एक पान वाचते. ज्या भगिनींना या खुणा करून घ्यायच्या असतील त्यांनी येत्या शनिवारी दुपारी आपापले फोन आणि रोज लिहाव्या लागणाऱ्या दहा वाक्यांची यादी घेऊन मंडळात यावे. आपण बसून करू. ज्या बाईला लिहिण्याचा सराव नाही तिने तोंडी सांगावे, शेजारची लिहून देईल.